गिट्टीच्या आवाजावर चालणारे वामनकाका

मंडळी, आज सकाळी स्वतःचीच लाज वाटली, म्हणून लिहितोय.

आमच्या गावाशेजारून कापसाच्या जिनिंग कारखान्याची जुनी रेल्वे लाइन जायची. रूळ कधीच उचलून नेले, रुळांखालची खडी, आमची गिट्टी, तेवढी राहिली. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यातही चिखल न लागणारी हीच एक वाट, म्हणून बाराही महिने सारं गाव तिथंच फिरायला येतं.

काल गोठ्यासमोर टाकायला मी तिथली चार घमेली गिट्टी उचलून आणली. आज फिरायला गेलो, तर नेमके त्याच जागी वामनकाका उभे. काकांना दिसत नाही, पण रोज एकटेच फिरतात.

"काका, काऊन थांबले हो?"

"पायाखाली गिट्टी वाजून नाही राह्यली बे. मले वाटलं, वाट सुटली."

मी खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या बसणार.

"मंग जा, घेऊन ये. मी थांबतो इथंच."

चारही घमेली परत आणून ओतली. काकांनी पाय आपटून आवाज ऐकला, "हाव" म्हणाले आणि निघाले. माझ्यापेक्षा भरभर!

तुमच्या गावात कोण कशाच्या भरवशावर चालतं, कधी विचारलंय?