नाल्याकाठचं गवत

धर्मपाल इंगळेबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं आमच्या गावात कोणीही सांगेल. एसटीच्या वर्कशॉपात टायर बदलण्यात त्याची सारी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर बापाच्या अडीच एकरात तो पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावू लागला. बोलायचं म्हणाल तर स्वतःच्या लग्नातही तो चार शब्दांवर गेला नसेल. माझी पिठाची चक्की बुद्धविहाराच्या वळणावर आहे. माणसं दळण टाकून बसतात आणि पीठ होईपर्यंत गावाला दळून काढतात. त्यात धर्मपालचं नाव वर्षानुवर्षं निघालं नाही, आणि निघालं तेव्हा गवतामुळे निघालं.

त्याचा एकुलता एक पोरगा अनुप. अमरावतीला शिकला आणि आमच्या मुलखात कोणाला सुचणार नाही अशी नोकरी धरून बसला. सुरतेच्या पलीकडे, तापी समुद्राला मिळते त्या बाजूला एक संस्था चिखलात खारफुटीची झाडं लावते, कालवं, म्हणजे शिंपल्यातले जीव, वाढवते. कालवं म्हणे पाणी गाळून साफ करतात. मेलेला किनारा पुन्हा जिता करायचा, असं त्याचं काम. वऱ्हाडातल्या पोराचं समुद्राशी काय नातं, म्हणून मी त्याला चिडवायची. तो म्हणायचा, मावशी, तुमच्या चक्कीमागचा नाला पूर्णेत जातो, पूर्णा तापीत जाते, आणि तापी माझ्या पायाशी येते. पोरगं हुशार होतं आणि वर गोडही होतं, त्यामुळे त्याच्याशी भांडता यायचं नाही.

एका उन्हाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा त्यानं बापाला धरलं. मुठीमुठीनं फेकलेला युरिया पिकाला जेमतेम अर्धा लागतो, उरलेला पावसासोबत नाल्यात उतरतो, हे सांगितलं. खाली समुद्रात त्या खतावर शेवाळ माजतं. ते मरतं, कुजतं, कुजताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं, आणि मासळी गुदमरते. वरून येणारं थांबलं नाही तर आम्ही खाली कितीही झाडं लावली तरी काय उपयोग, असं तो म्हणत होता.

धर्मपाल म्हणाला होता, "माह्या एका पोत्यानं समुद्र मरते काय?"

"एका पोत्यानं नाही मरत, बाबा," अनुप म्हणाला. "पण पूर्णेच्या दोन्ही काठांवर सारेच बाप असं म्हणून राह्यले."

त्या वर्षापासून धर्मपाल युरिया थोडाथोडा, झाडाच्या बुडाशी, ओल पाहून टाकू लागला. आणि नाल्याच्या कडेची, पऱ्हाटीच्या चार ओळी बसतील एवढी जमीन त्यानं सोडून दिली. तिथं बापलेकांनी वाळ्याची बेटं आणि मारवेल गवत लावलं. शेतातून वाहून येणारं खत त्या गवताच्या मुळ्यांनी अडवायचं, नाल्यात जाऊ द्यायचं नाही, असा तो हिशेब होता. तो फक्त त्या घराला ठाऊक होता, आणि अनुपच्या बडबडीमुळे मला.

मागच्या पावसाळ्यात चिखलात रोपं लावताना भरती आली. तिघं जण होते. दोघं निघाले, अनुप निघाला नाही. तो सापडलाही नाही. धर्मपालनं समुद्र पाहिला तो तेव्हाच पहिल्यांदा. किनाऱ्यावर उभा राहून राहून तो पोराची बॅग घेऊन परत आला.

त्यानंतर हा माणूस रडला नाही. देह नव्हता, म्हणून विहारात फोटो ठेवून वंदना झाली, तेव्हाही तो शेवटच्या रांगेत परक्याच्या घरचं कार्य असल्यासारखा बसला होता. जेव म्हटलं की जेवायचा, उठ म्हटलं की उठायचा. त्याची बायको मनकर्णा माझ्याजवळ येऊन रडायची आणि म्हणायची, माणूस घरात आहे पण घरात कोणी नाही. मला त्याचा राग यायचा. एकदा मी त्याला तोंडावर म्हटलं, की धर्मपालभाऊ, बायकोसाठी तरी दोन आसवं गाळा. त्यानं "हो" म्हटलं आणि पिठाचा डबा उचलून निघून गेला.

एवढं मात्र खरं, की ते गवत त्यानं सांभाळलं. रोज जायचा, वाळलेलं कापायचा, मेलेल्या बेटाच्या जागी नवं लावायचा. गावानं त्यातून भलताच अर्थ काढला. आमच्याकडे शेतात तण दिसणं म्हणजे घर खचल्याची खूण. दुःखाच्या घराची शेती गावानं सावरून द्यायची, हीही आमची जुनी रीत. यंदा आषाढात मनकर्णा नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला त्याला घेऊन अमरावतीला बहिणीकडे गेली, आणि खुशालरावाच्या दयेला पूर आला.

खुशालराव म्हणजे धर्मपालचा धुरेकरी, शेताला शेत लागून. आयुष्यभर दुसऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरत आलेला माणूस. वीतभर जमिनीसाठी धर्मपालशी तो दोन वर्षं बोलत नव्हता. पण पोरगं गेल्यापासून तो मनातून हलला होता, हेही मी कबूल करते. त्यानं चार माणसं जमवली, पऱ्हाटीत डवरणी करून तण काढून दिलं. मग ट्रॅक्टर घालून नाल्याकाठचं ते "तणकट" मुळासकट उलटून टाकलं. ज्या सकाळी धर्मपाल परत येणार, त्याच सकाळी स्वतःच्या घरचं युरियाचं पोतं आणून साऱ्या वावरात फेकलं, पार नाल्याच्या काठापर्यंत. मग चक्कीवर येऊन मोठ्या आनंदानं मला सांगितलं.

मी कपाळावर हात मारला. चक्की बंद केली आणि त्याला पाचसहा शिव्या दिल्या. त्याला कळेना, की पुण्याच्या कामाला ही बाई शिव्या का देते. सांगत बसायला वेळ नव्हता. नवराबायको अमरावतीहून दर्यापूरमार्गे जीपनं आले होते आणि घरी न जाता सरळ वावराकडे गेले होते. मी निघाले, माझ्यामागून खुशालराव आणि त्याची माणसं.

धर्मपाल काळा चष्मा लावून नाल्याच्या काठावर उभा होता. उलटलेली काळी ढेकळं, त्यात वर आलेल्या वाळ्याच्या मुळ्या, आणि सगळीकडे युरियाचे पांढरे दाणे. आठ दिवसांची उघाड होती, त्यामुळे दाणे अजून विरले नव्हते. दर्यापूरच्या अंगानं मात्र आभाळ भरून येत होतं.

"पाह्य, वावर कसं साफ केलं," खुशालराव म्हणाला. "खताचं तू मनावर घेऊ नको. घरचंच होतं."

"बरं केलं," धर्मपाल म्हणाला. चहा घेऊन जा, असंही म्हणाला. मग नाल्यातल्या पाण्याकडे पाहत, एसटीची वेळ सांगावी तशा आवाजात तो म्हणाला, "पण खुशालराव, हे पाणी अनुपच्या अंगावर जाते."

धर्मपाल खाली बसला आणि दाणे वेचू लागला. एकेक दाणा उचलायचा आणि डाव्या मुठीत धरायचा. डॉक्टरनं वाकू नका म्हटलं होतं, असं मनकर्णा सांगत राहिली. मग तीच पदर पसरून त्याच्याशेजारी बसली. पोतंभर युरिया हातानं वेचायचा, हे शहाण्या माणसाचं काम नव्हे. मीही बसले.

खुशालराव थोडा वेळ उभाच राहिला. मी त्याला दोन वाक्यांत गवताचं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. त्यानं गळ्यातला दुपट्टा काढून जमिनीवर अंथरला, आणि त्या जाड्या माणसानं हातांवर टेकत टेकत गुडघे टेकले. त्याची माणसंही बसली. नाल्याच्या कडेकडेनं आम्ही सरकत गेलो.

बराच वेळ झाला. दुपट्ट्यात ढीग जमला, तरी जमीन पांढरीच दिसत होती. खुशालरावानं हळूच विचारलं, "धर्मपाल, सारा तं काही निघत नाही. एवढा उचलला तं चालन काय?"

"मले का समजते त्यातलं," धर्मपाल म्हणाला. "थांबा, अनुपले विचारतो."

त्यानं खिशातून मोबाइल काढला. चष्मा वर केला, नाव शोधलं, आणि फोन कानाला लावता लावता त्याचा हात मध्येच राहिला.

मग तो रडला. मातीत बसून, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा रडला. आम्ही कोणी त्याला गप्प केलं नाही. मनकर्णानंही नाही. आभाळ डोक्यावर आलं होतं, म्हणून आम्ही वेचत राहिलो.