महादेवीअक्का आणि कपाटांची आठ दारं

महादेवीअक्का प्रत्येक वस्तूची सोयरीक जुळवायच्या. डबा हातात आला की आधी झाकण लावून बघायच्या आणि नाक मुरडायच्या, "न्हाय जमत. हिला गर्व लई." जुळे सोलापुरात त्यांचा फ्लॅट माझ्या समोरचा. मूळच्या मैंदर्गीच्या, चिडल्या की कन्नड, लाडात आल्या की मराठी. गुडघे दुखायला लागल्यावर माणसांची लग्नं जमवायला हिंडणं थांबलं, तेव्हा ती हौस डब्यांवर आली.

मुलगा मल्लू पुण्याला. दसऱ्याला तो आला, स्वयंपाकघरातल्या उखडलेल्या फरशीत त्याचाच पाय अडकला आणि धरायला गेला ते कपाटाचं दार हातात आलं.

"अव्वा, बास झालं! दिवाळीला येतो, टेम्पो सांगतो. सामान भरायचं, पुण्याला चलायचं."

"आन् तवर हे नीट केलं तर?"

"केलंस तर राहा," तो हसत म्हणाला आणि गेला.

अक्का तडक माझ्या दारात. "सुनीता, हिशेबाची वही आण तुझी. मला पुन्याला जायाचं न्हाय."

सुताराने नव्या कपाटांचा आकडा सांगितला, तेव्हा त्या त्याच्या तोंडावर म्हणाल्या, "येवढ्यात लगीन हुतंय की!" मग मी स्वस्तातला बेत आखला. दारं तीच, घासून रंगवायची, बिजागऱ्या नव्या. फरशीचे खड्डे सिमेंटने भरायचे, वर व्हिनाइलचं शीट. मी क्रीम रंग सुचवला.

"क्रीम? कपाटाला कावीळ झाल्यागत दिसंल. डाळिंबी घे."

डाळिंबी घेतला. शीट अंथरताना त्याची टोकं सारखी गुंडाळली जात होती. अक्का त्यावर फतकल मारून बसल्या आणि मी चिकटवत जाईन तशा पुढे सरकत राहिल्या. "वजनाचा उपेग झाला बघ!"

त्या घराच्या जुन्या सुताराने दारं अंदाजानेच कापलेली; आठही वेगळी. म्हणून उतरवताना प्रत्येकाच्या आत मी खडूने क्रमांक घातले. ऑफिसातून परत येते तो गच्चीवर आठही दारं दोन्ही बाजूंनी डाळिंबी, लखलखीत.

"अक्का, क्रमांक?"

"ते व्हय? कुनीतरी काय काय लिवलं व्हतं. सोड्यानं घासून काढलं. पोरगी दाखवताना तोंड धुऊनच दाखवायची की!"

दुसऱ्याच दिवशी दिवाळीसाठी मल्लू सकाळीच हजर. टेम्पो दुपारी येणार होता. ओट्याखाली उघडे खण, हॉलभर दारं.

"अव्वा, हे नीट झालं?"

"उबा काय ऱ्हायलास? स्क्रूड्रायव्हर धर. आठ स्थळं हायत, आठ पोरी."

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी दार उचलायचं, मल्लूने खणाला लावायचं, अक्कांनी पाटावरून निकाल द्यायचा.

"उंच हाय त्याच्यापरीस. परत."

"अव्वा, हिचा कोपरा अडतोय."

"पॉलिश पेपर मार. सासरी जरा घासून घ्यावंच लागतंय."

मल्लू इतका हसला की स्क्रू सिंकमध्ये गेला. मी पेन्सिलीने नवे क्रमांक घालायला गेले, तर अक्कांनी पेन्सिलच हिसकावली. सात जमली. आठवं मात्र उरलेल्या खणाला काही केल्या बसेना. शेवटी मल्लूने वैतागून ते उलटं धरलं आणि दार 'टप्' करून मिटलं.

"उलट्या डोक्याचं व्हय हे!" अक्का टाळ्या पिटत ओरडल्या.

मल्लू ते दार उघडत-मिटत राहिला. मग शिटावरून अनवाणी एक फेरी मारली. पाय कुठे अडकला नाही.

"रंग लई भडक झालाय, अव्वा."

"पुन्याहून दिसावा म्हनून," अक्का तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. मल्लू बाल्कनीत गेला.

"दादा," त्याची हाक आली, "सामान न्यायचं न्हाय आता. वर या, जेवून जा!"

अक्कांनी काही ऐकलंच नाही असं दाखवत चौथं ताट मांडलं.