फासकीआबांची राखण

मेलेल्या जनावराशी फासकीआबा जेवढं बोलायचे, तेवढं जिवंत माणसाशी बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. कोंबडी असो, करडू असो, म्हशीचं रेडकू असो, आबा आधी त्याच्याजवळ उकिडवे बसायचे, मानेवरून हात फिरवायचे आणि मारणारा कोण, कुठून आला, ते हलक्या आवाजात त्यालाच विचारायचे, "कोण होतो रे? खयसून इलो?" मग केस किंवा पिसं बाजूला सारून दात कुठे लागलेत ते बघायचे. कुत्रा मागून धरतो, फाडतो आणि टाकून जातो. कोल्हा नरडं धरतो आणि नेता येईल तेवढं नेतो. हे सगळं त्यांना त्या थंडगार मानेवरून कळायचं. "मेलेला जनावर खोटा बोलणा नाय," असं ते म्हणायचे. जिवंतांबद्दल त्यांचं काय मत होतं, ते त्यातच आलं.

आबा मालवणकडचे. वीसेक वर्षं परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढली, संपात गिरणी गेली, आणि पन्नाशीला आलेल्या या माणसाने गावी लहानपणी शिकलेली फासकी पुन्हा हातात घेतली. फासकी म्हणजे तारेचा सरकता फास. मुलुंड-भांडुपच्या खाडीकडच्या अंगाला तेव्हा मिठागरं होती, तिवरांचं रान होतं, दोन-चार तबेले होते आणि शेळ्या-कोंबड्यांवर जगणारी माणसं होती. तिवरांत कोल्हे होते. त्यांना धरायला आबा. हे कायद्यात बसतं का, असं आम्ही कुणी विचारलं नाही, आणि विचारणारं कुणी तिकडे चिखलात उतरलंही नाही.

मी तेव्हा मुलुंडच्या एका लहानशा कारखान्यात स्टोअरकीपर होतो आणि मनातून कोंबड्यांचा सम्राट होतो. कुक्कुटपालनावरची एक चोपडी मी तीनदा वाचली होती. तेवढ्या शिदोरीवर मिठागराच्या अलीकडे पत्र्याची शेड घातली आणि कोंबड्या आणल्या. शेजारी हौसाबाईंची झोपडी. बाई जुन्नरकडच्या. नवरा मिठागरावर कामाला होता, तो वारला, मागे सात शेळ्या राहिल्या. त्या सात शेळ्यांवर बाई जगत होत्या. मी हौस म्हणून कोंबड्या पाळतो, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. "भाऊ, तुमचं आपलं बरं हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी शेडमध्ये पिसांचा सडा, पाच-सहा कोंबड्या गायब. हौसाबाईंच्या सांगण्यावरून आबांना बोलावलं. त्यांनी मागे पडलेल्या एका मेलेल्या कोंबडीची चौकशी केली, शेडला एक फेरी मारली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कोल्हाच ना, आबा?" मी विचारलं.

"कोल्हो इलो खरो. पण कोंबडी त्येणां खाल्ली नाय, मेल्या. तुझ्या कडयेन खाल्ली. दाराक कडी आसा, ती लावची आसता. चोपडीत ह्या लिवलेला नाय?"

आबांची एक रीत होती. एखाद्या जागेचं काम घेतलं की ते नारळ मागायचे, बांधावर फोडायचे आणि म्हणायचे, "आजपासून हयसरची राखण माझी. काय मेला तर माका विचारा." माझी शेड आणि हौसाबाईंचा गोठा, दोन्हींसाठी एकच नारळ फुटला. नारळ हौसाबाईंनी दिला. मी विसरलो होतो.

फासकी लावायच्या आधी आठवडाभर आबा साबण लावत नसत, डोक्याला तेल नाही, विडी नाही. तार तिवराच्या पाल्यात उकळायची, खाडीच्या चिखलात पुरायची आणि मगच वापरायची. माणसाचा वास गेला पाहिजे. "बायको म्हणता, कोल्हो घरात घेऊन निजतंय," असं ते सांगायचे. आणि उजाडताना फेरी मारायला ते स्वतःच जायचे, दुसऱ्याला पाठवायचे नाहीत. "फासकी कोणय लावीत. सोडवूक जाणा, ह्या काम." सोडवणं म्हणजे काय, ते मी एकदाच पाहिलं. एक घाव, डोक्यावर. त्यानंतर दुपारपर्यंत ते जेवले नाहीत.

"वाईट वाटतं का, आबा?"

"वाटूक व्हया. वाटणा बंद झाला काय धंदो सोडूचो."

एकदा मी त्यांच्याबरोबर हौसेने गेलो. गमबूट घालून गेलो आणि एक गमबूट चिखलाला देऊन परतलो. फासकीत कोल्ही होती. तार कमरेत अडकलेली. आबांनी काठी उचलली, वाकून बघितलं आणि काठी खाली ठेवली. तिची आचळं भरलेली होती. त्यांनी तिच्या तोंडावर पोतं टाकलं, गुडघ्याने दाबून धरलं आणि पकडीने तार तोडली. कोल्ही लंगडत तिवरांत शिरली.

"आबा, ही माझ्या कोंबड्या खाणार."

"खायत. तीन-चार आठवडे दार नीट लाव. पिल्लां सुटी झाली काय बघूया. कोंबडी इकत गावता. आवय गावणा नाय."

मी म्हटलं, मग सरळ विष का घालत नाही? सगळा प्रश्नच मिटेल. आबा थांबले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. "विषाक कळणा नाय, तोंड कोणाचा ता," ते म्हणाले. "फासकी चुकली तर सोडूक येता. विष घातल्यार काय सोडवशीत?"

पुढच्या आठ दिवसांत माझ्या कोंबड्या निम्म्या झाल्या. या वेळी दाराची कडी मी लावली होती, खिडकीची जाळी लावायची राहिली होती. पण दोष कोल्हीचा आणि तिला सोडणाऱ्या आबांचा, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. कारखान्याच्या गोदामात उंदरांसाठी आणलेली पावडर होती आणि गोदामाची किल्ली माझ्याकडे होती.

विष कालवलेलं मांस हातात धरायची माझी हिंमत नव्हती. कोल्हा बोरं खातो, ऊस खातो, म्हणजे त्याला गोड आवडतं, हे मी कुठेतरी वाचलेलं. म्हणून मी कणीक घेतली, गूळ घेतला आणि गोळे वळले. आईने विचारलं, "हे काय रे करतोस?" मी म्हटलं, "कोंबड्यांचं टॉनिक." शनिवारी संध्याकाळी ते गोळे बांधावर कोल्हीच्या वाटेला ठेवून आलो. त्याच बांधावरून रोज सकाळी हौसाबाईंच्या शेळ्या चरायला जातात, हे मला माहीत होतं. रोज बघत होतो. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात कोल्हीशिवाय दुसरं जनावर नव्हतं, एवढंच. पहाटे उठून उरलेले गोळे उचलायचे, असं ठरवून झोपलो. रविवार होता. उठलो आठ वाजता.

मी पोचलो तेव्हा बांधावर चार शेळ्या आडव्या पडल्या होत्या. पाचवीचं डोकं मांडीवर घेऊन हौसाबाई तिच्या तोंडात ताक ओतत होत्या. ताक बाहेर येत होतं. थोड्या वेळाने पाय झाडायचे थांबले तरी बाई ओततच होत्या.

आबा आधीच आलेले होते. ते पहिल्या शेळीजवळ बसले. मानेवरून हात फिरवला, पण काही विचारलं नाही. दात कुठेच लागलेले नव्हते. त्यांनी तिचा जबडा उघडला, आत बोट घातलं आणि नाकाजवळ नेलं. दाढेला चिकटलेली ओली कणीक त्यांच्या बोटावर होती. मग त्यांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातांकडे. बोट गवताला पुसून ते उठले.

"हौसाबाय," ते म्हणाले, "कोल्ह्यासाठी ठेवलेला. माझा काम."

हौसाबाईंना पटकन कळलंच नाही. "तुमी? आबा, तुमीच म्हनायचा न्हवं, इख घालायचं न्हाई?"

"म्हणी होतंय."

"मग?"

"राखण माझी होती. मेला ता माझा."

आता बोल, असं मी स्वतःला सांगितलं. तोंड उघडलं. आणि जे बाहेर पडलं ते होतं, "अरेरे."

खड्डे आबांनी खणले. कावळ्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून कमरेइतके खोल. उरलेले गोळे बांधावर वाकून वाकून शोधले आणि शेळ्यांबरोबर पुरले. मी मदतीला गेलो तेव्हा हौसाबाई झोपडीत गेल्या होत्या. आबांनी कुदळ माझ्या हातात दिली.

"पावडर कारखान्याची?" मी खणायला लागल्यावर त्यांनी विचारलं.

"हो."

"कळला तर नोकरी जायत तुझी. माझी गिरण गेली. नोकरी गेल्यार घरात काय काय होता, ता माका म्हायत आसा."

"पण आबा, तुमचं काम?"

"ता गेला," ते म्हणाले. "खण."

ते खरंच गेलं. दुपारपर्यंत बातमी तबेल्यांवर पोचली. ज्याने एकदा विष घातलं त्याला रेडकांच्या आसपास कोण फिरकू देईल? एका तबेलेवाल्याने त्यांच्या तारांचं भेंडोळं निरोपासकट माझ्याकडे पाठवून दिलं. फासकीवाल्याला सांगा, इकडे पाऊल ठेवू नको. निरोप पोचवायला त्याला माणूस मीच सापडलो, आणि मी तो पोचवलासुद्धा.

त्यानंतर महिनाभर आबा रोज भांडुपहून चालत येत होते. बाभळीच्या काटेरी फांद्या तोडायच्या, ओढत आणायच्या आणि हौसाबाईंच्या उरलेल्या दोन शेळ्यांभोवती कुंपण घालायचं. एप्रिलचं ऊन, मिठागराची चकाकी, डोळे उघडवत नसत. हौसाबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. ते आले की पाठ करून बसायच्या. मी माझ्या शेडमधून हे सगळं बघायचो. कोंबड्या विकून टाकल्या होत्या, तरी शेडमध्ये जाऊन बसायचो. आज सांगू, उद्या सांगू. सांगायला उठायचो आणि कारखान्याची किल्ली खिशात टोचायची.

कुंपण पुरं झालं आणि आबा गावी निघाल्याचं कळलं. मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते ट्रंकेला दोरी बांधत होते.

"आबा, चला माझ्याबरोबर. हौसाबाईंना सगळं सांगतो."

त्यांनी गाठ पुरी आवळली आणि मग बोलले. "आता सांगून तुका हलका वाटात. तिका काय वाटात?"

"खरं काय ते कळेल."

"खरा तेव्हाच होता. तेव्हा तू अरेरे म्हटलंस."

त्यांच्या बायकोने चहा पुढे ठेवला. आबा प्यायले, मी प्यायलो. ट्रंक उचलायला हात लावला तेव्हा त्यांनी मला अडवलं नाही. गाडीपर्यंत ती मीच वाहिली. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मेलेल्या जनावराच्या मानेवर ते हात ठेवायचे, तो स्पर्श कसा असतो हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी बजावलं होतं, तरी मी गेलो. दुसऱ्याच दिवशी. हौसाबाई कुंपणाच्या आत शेळीला पाला घालत होत्या. मी बाहेर उभा राहून सगळं सांगितलं. गूळ, कणीक, पावडर, आठ वाजता उठणं, सगळं. पोलिसांत जातील, कारखान्यात येतील, निदान शिव्या तरी घालतील, अशी मी तयारी करून गेलो होतो.

बाईंनी हातातला पाला खाली ठेवला आणि कुंपणाकडे बघत राहिल्या. काटे असे एकात एक विणलेले की मुंगसालाही आत शिरता येऊ नये.

"महिनाभर त्यो माणूस हितं उन्हात राबला," त्या म्हणाल्या. "म्या त्येला घोटभर पानी इचारलं न्हाई. एकदा त्यानं मागितलं, तर हंडा आत न्हेऊन ठिवला."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आता त्ये पानी मी कुनाला पाजू?"