एका दाण्याने थांबलेला पट्टा

ब्रिस्टलबाहेरच्या एका टेकडीवर बर्फाविना स्कीइंग चालतं हे मधुमतीबाईंनी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा त्यांना ती शुद्ध थाप वाटली. उतारावर ब्रशासारख्या प्लास्टिकच्या चटया अंथरायच्या, वर पाणी शिंपडायचं आणि त्यावरून घसरायचं. नागपूरच्या बाईला बर्फाचंच अप्रूप, त्यात हे बर्फाचं सोंग! पण त्या विमानाच्या कारखान्यात यंत्रं तपासायच्या आणि टेकडीवरच्या क्लबला लिफ्ट सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. मुलीला, वरदाला, सोडायला म्हणून गेलेल्या बाई तिथेच रुजल्या. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. स्वतः मात्र स्की कधी पायात घातली नाही.

त्या आल्या तेव्हा दोर हातात धरून वर जावं लागे, हातमोजे महिन्याभरात फाटत. मग खांबांवरून फिरणाऱ्या तारेची लिफ्ट आली. तिच्या दांडीची चकती मांड्यांमध्ये धरायची आणि ओढलं जात वर जायचं. चटयाही बदलल्या. जुन्यांच्या जाळीत अंगठे अडकून मोडायचे, नव्या दाट आणि मऊ निघाल्या. बदललं नाही ते एकच: पायथ्याशी लाल बटणाजवळ उभ्या असलेल्या मधुमतीबाई. कुणी पडलं की बटण दाबायचं. नजर हटवायची सोय नव्हती.

गेल्या वर्षी क्लबने सरकता पट्टा आणायचं ठरवलं. पट्ट्यावर नुसतं उभं राहायचं, तो आपला वर नेतो. हे घडलं कस्तुरीमुळे. ही वरदाची बालमैत्रीण, याच उतारावर शिकलेली. अपघातात तिच्या पायांतलं बळ गेलं आणि आता ती बसून चालवायची स्की वापरते. जुन्या लिफ्टवर दोघांना तिला धरून वर न्यावं लागे. त्याला कंटाळून तिने येणंच सोडलं होतं.

सगळे हो म्हणाले, मधुमतीबाई एकट्या नाही म्हणाल्या. यंत्राला माणसासारखी नजर नसते, पट्ट्याच्या टोकाला कुणाचा हातमोजा आत गेला तर काय, असा त्यांचा मुद्दा. त्यात काळजी होती आणि खरं सांगायचं तर थोडा हेकाही होता. कस्तुरीला ते लागलं. ती चार महिने त्यांच्याशी बोलली नाही.

पट्टा सुरू करायचा शनिवार नेमका खंडेनवमीचा निघाला. दरवर्षी बाई लिफ्टच्या मोटरला हळदकुंकू लावत. रुसवा माणसांवर, यंत्राने काय केलंय? त्या सकाळीच एकट्या आल्या, झेंडू वाहिला, पट्ट्यावर मूठभर अक्षता टाकल्या आणि बटणापाशी उभ्या राहिल्या.

पहिला मान कस्तुरीचा. ती अर्ध्यावर पोचली आणि पट्टा थांबला. पुन्हा सुरू केला, हातभर सरकून पुन्हा थांबला. दोन माणसं तिला ढकलायला धावली. तिने मान खाली घातली. नेमकं हेच तिला नको होतं. लोकांच्या नजरा हळूहळू बाईंकडे वळल्या. नको म्हणणारी हीच, आणि सकाळी एकटी आलेलीही हीच.

बाई धापा टाकत वरच्या टोकाला गेल्या. पट्टा जिथे आत वळतो तिथे एक झडप असते. ती जराशी उचलली गेली तरी मोटर बंद होते. झडपेखाली एक तांदळाचा दाणा होता, कुंकवाने लाल झालेला. पट्ट्यानेच तो वर आणून तिथे सोडला होता. गुपचूप खिशात टाकता आला असता, कुणाला पत्ता लागला नसता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्या दाणा तळहातावर घेऊन कस्तुरीपर्यंत उतरल्या.

"माझी अक्षता आहे. चूक माझी," त्या म्हणाल्या.

कस्तुरीने तो दाणा चिमटीत धरून पाहिला.

"मावशी, म्हणजे एवढा छोटा तांदूळ पण त्याला कळला," ती म्हणाली. "मग माझा ग्लव्ह तर डेफिनेटली कळेल."

सव्वीस वर्षांत बाईंच्या नजरेलाही तांदळाचा दाणा कधी दिसला नसता. मग त्यांना हसू फुटलं आणि त्यांनी ढकलायला आलेल्या दोघांना हाताने बाजूला केलं.

झडप पुसली, पट्टा झाडला. कस्तुरी एकटी वर गेली. वरून तिने हाक मारली, "आता तुम्ही या. बटण कोणीतरी दुसरा बघेल."

क्लबचा अध्यक्ष ग्रॅहम बटणापाशी आला आणि बाई घाबरत पट्ट्यावर उभ्या राहिल्या. माथ्यावर पोचल्या तेव्हा कस्तुरी निघायच्या तयारीत होती. तिने एकदा मागे पाहिलं आणि उतारावर झेपावली. इतकी वर्षं उतारावरून घसरणारी माणसं बाईंनी पायथ्यावरून, फक्त आपल्याकडे येताना पाहिली होती. खाली दूर जाणारी पाठ आज पहिल्यांदा दिसली, कुणाच्याही हाताशिवाय निघालेली. त्यांचा अंगठा सवयीने बटण शोधत होता. दाबायला काही नव्हतं आणि दाबायची गरजही नव्हती.