हद्दीपलीकडचं पाणी

नगरपालिकेतल्या त्या आरेखकाला सगळे उतारराव म्हणत. कुणाकडे चहाला गेले तरी आधी फरशीकडे बघणार, खिशातली गोटी हळूच सोडणार आणि ती कुठे जाते ते पाहून मगच कपाला हात लावणार. "पाणी आणि पाहुणा, दोघांनाही जायची वाट हवी," असं वर ऐकवणार. बायको होती तोवर कपाळावर हात मारून घ्यायची.

लेकीच्या घरी मात्र त्यांनी गोटी एकदाच सोडली. ती घरंगळत नातीच्या पलंगाखाली जाऊन थांबली. तेव्हापासून त्या खोलीत पाय ठेवला की त्यांना फरशीखालून पाणी वाहताना ऐकू येई. भर उन्हाळ्यात, नळ बंद असताना. जावई म्हणाला, "शेजारची टाकी भरत असेल." शेजारी टाकीच नव्हती.

हे कुठलं पाणी, ते उताररावांना चांगलं ठाऊक होतं. पावसाळी नाले आखायची कचेरीत एक रीत होती: नाला शहराच्या हद्दीपर्यंत काढायचा, तिथे बाण मारायचा आणि हात झटकायचे. पुढे कोरा कागद. तिकडे राहतंय कोण, बाभळी! तरुणपणी उताररावांनीही असाच एक बाण मारला होता. मग शहर फुगलं, घरं हद्दीबाहेर गेली, आणि लेकीने जागा घेतली ती नेमकी त्या बाणासमोर. बापाला चकित करायचं म्हणून आधी विचारलंही नाही.

आता वाढीव हद्दीचा आराखडा त्यांच्याच टेबलावर आला होता. नाला नदीपर्यंत न्यायचा तर उतार एकच वाट दाखवत होता, लेकीच्या घरातून. जरा वळवला तर घर वाचत होतं, पण वळणावर पाणी तुंबून पलीकडच्या बैठ्या घरांत शिरणार होतं. पेन्सिल दोन्हीकडे फिरे, आणि भर दुपारी कचेरीत खुर्चीखालून तोच आवाज येई. उतारराव पाय वर घेऊन बसू लागले. लोक हसले. त्यांना मात्र खरोखर भीती वाटत होती.

शेवटी एका रविवारी त्यांनी लेकीच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नकाशा पसरला.

"वळवता येईल," ते म्हणाले. "साहेब काही बोलायचे नाहीत."

"वळवला तर पाणी कुणाकडे जाणार?"

त्यांनी बोटाने दाखवलं. लेकीने नकाशावरची ती बैठी घरं एकेक करून मोजली.

"बाबा, दर पावसाळ्यात आम्ही पोरीला माळ्यावर झोपवतो. तुम्ही येणार असलात की गादी खाली आणतो."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"नाला कुणी काढलाय ते माहीत होतं म्हणून. जीव अर्धा झाला असता तुमचा."

उताररावांना रडू आवरेना. लेकीने नकाशावर पडलेले थेंब पदराने टिपले, तो सरळ केला आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"घरातूनच काढा," ती म्हणाली. "पण या वेळी नदीपर्यंत न्या."