पंगतीत अडकलेले अण्णा

मंडळी, सकाळपासून खोलीत कोंडून घेतलंय. ताईच्या लग्नाची टेप जुन्या कॅमेऱ्यातनं कॉम्प्युटरवर उतरवतोय. आमचे वडील, अण्णा, गेले; त्यांचा आवाज आता एवढ्या टेपेतच हाय.

पण व्हिडिओ सारखा अडकतोय! अण्णा पंगतीत वाढायला वाकतात आणि तिथंच थिजतात. टेप परत परत फिरवावी तर तुटायची भीती, सोडावं तर अण्णा तसेच वाकलेले.

शेवटी नेट, अँटीव्हायरस, सगळं बंद केलं. बाहेरच्या हार्डडिस्कवर साठवत होतो, ती काढून टेप थेट कॉम्प्युटरमध्येच उतरवली. माऊसला हातसुद्धा लावला न्हाय. चित्र सरळ चाललं आणि अण्णा ओरडले, "अगं ए, भात आण की!"

स्वयंपाकघरातनं आई म्हणाली, "आणते की!"

मग भांड्यांचा आवाज थांबला.

मी अजून खोलीतच हाय. बाहेर जाऊन तिला काय म्हणू, सांगा की.