अनुभव नाही

"मावशी, डाळिंब असं धरायचं असतं," साहेब म्हणाला. माझ्या हातातलं फळ काढून घेतलं आणि सगळ्या बायकांसमोर उंच धरून दाखवलं. "नवीन आहात. नीट बघून घ्या."

बायका खाली बघत राहिल्या. या साहेबाला डाळिंब धरायला मीच शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून आला तेव्हा आतून काळं पडलेलं फळ त्याला ओळखता येत नव्हतं. वरून लालबुंद असतं ते, पण हाताला हलकं लागतं. त्याच्या तळहातावर एकेक फळ ठेवून मी ते शिकवलं.

इंदापूरजवळच्या या पॅकहाऊसमधून डाळिंब परदेशी जातं. तिथं मी अकरा वर्षं माल निवडते. कागदावर मात्र दर सात महिन्यांनी नवीन होते. ठेकेदार आठ-दहा दिवस घरी बसवतो. मग नवं कार्ड, नवा फोटो, पगार पुन्हा नवीन बाईचा. सलग काम दिसलं तर कायम करावं लागेल, म्हणून ही गॅप. साहेबाला गॅप नाही. त्याचा पगार दरवर्षी वाढतो.

माझ्या सासऱ्यांची मेंढरं होती. चुकलेली मेंढी महिन्यानं परत आली तरी ते तिला ओळखायचे.

शिकवून झाल्यावर साहेबानं फॉर्म वाटले. 'पूर्वीचा अनुभव' याच्यापुढे 'नाही' आधीच छापलेलं. खाली आपण सही करायची. मी चौथी शिकलेय. वाचता येतं. तरी अठरा वेळा सही केली. ती लाज माझी.

त्या दिवशी 'नाही'वर काट मारली. लिहिलं, अकरा वर्षं.

"आत्ये, काय करतीस? घरी बसवत्याल," शेजारची शांता कुजबुजली.

"दर सात म्हयन्याला बसवत्यातच की."

साहेबानं कागद पाहिला. "खराब केलात. दुसरा घ्या."

"त्याच्यावर बी हेच लिवणार. मला अनुभव न्हाय, तर तुमाला शिकवलं कुणी?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसला नाही. "मग कार्ड मिळणार नाही."

मी डबा उचलला आणि निरवांगीला घरी आले. माझ्यामागं कुणी उठलं नाही. शांतासुद्धा नाही.

अठरा कार्डं माझ्याकडं आहेत. पहिल्या फोटोत केस काळे, शेवटच्यात पांढरे. सोमवारी ती घेऊन बारामतीला कामगार अधिकाऱ्याकडं जाणार. त्यानं बाहेर बसवलं तर बसेन. संध्याकाळी हाकललं तर सकाळी पुन्हा जाईन. पण त्या 'नाही'खाली माझी सही आता पडणार नाही.